फोनमधले फोटो फळीवर

दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीडकडची कितीतरी घरं निम्मी रिकामी होतात. कमावती माणसं ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत घरात म्हातारी माणसं आणि नातवंडं एवढीच उरतात. आमच्या गटातल्या एक काकू दोन वर्षांच्या नातवाला असंच सांभाळतात. मागच्या हंगामात सून चार-पाच महिन्यांनी घरी आली, तर पोरगं तिला बघून काकूंच्या पदराआड लपलं. सून तिथंच ओट्यावर बसून रडली. काकूंकडे बटणाचा साधा फोन. सुनेचे सगळे फोटो मुलाच्या फोनमध्ये, आणि तो फोन तिकडं फडात.

म्हणून यंदाच्या बैठकीत काकूंनी गटाकडं चार हजारांचं कर्ज मागितलं. कशाला, तर डिजिटल फोटो फ्रेम घ्यायला. तालुक्याच्या दुकानात त्यांनी ती पाहिली होती. दोघी-तिघी हसल्या. मला हसू आलं नाही, कारण माझ्या घरात तशी फ्रेम दोन वर्षांपासून आहे. पण कर्जाला नाही मीच म्हटलं.

आधी माझ्या फ्रेमचं सांगते. आमचे मामंजी वारले, त्याच वर्षी माझा फोन हौदात पडला. दुकानदारानं उघडून पाहिला आणि हात वर केले. मामंजींचे शेवटच्या दोन वर्षांतले सगळे फोटो त्यातच होते. नणंदेला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले अकरा तेवढे वाचले. त्या अकरा फोटोंसाठी मी फ्रेम घेतली. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फोन हाताळता येत नाही. बोट लागलं की फोटो जातो नि भलतंच काहीतरी उघडतं. फ्रेमला हात लावावा लागत नाही. देवळीशेजारच्या फळीवर ठेवली की फोटो आपोआप बदलत राहतात.

या फ्रेम दोन प्रकारच्या असतात. एक साधी, मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह लावून चालणारी. दुसरी वायफायवर चालणारी. तिच्यात पुण्याहून किंवा दुबईहून मुलगा अ‍ॅपमधून फोटो पाठवतो आणि तो इथं दिसतो. ऐकायला छान वाटतं. पण घरात कायमचं इंटरनेट नसेल तर तिचे जादा पैसे वाया जातात. फोनच्या हॉटस्पॉटवर चालते, पण फोन शेतात गेला की नवे फोटो यायचे थांबतात. शिवाय ते अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीवर आपण अवलंबून. काही अ‍ॅप पुढं पैसेही मागतात, ते घेण्याआधी विचारा. आणि फोटो पाठवण्याचा जो कोड मिळतो तो घरच्यांपलीकडं कुणाला देऊ नका. माझं मत विचाराल तर गावातल्या घराला साधी कार्डाची फ्रेम पुरते.

घेताना मी एक चूक केली. स्वस्त मिळते म्हणून सात इंची घेतली. आत्याबाई बाजेवर बसतात, तिथून त्यांना तोंडं ओळखू येत नाहीत. उठून फळीजवळ जावं लागतं. पाचशे-हजार जास्त गेले तरी दहा इंची घ्या. खोक्यावर 1280 गुणिले 800 लिहिलं असेल तर चित्र 1024 गुणिले 600 पेक्षा स्पष्ट दिसतं. दुकानात समोरून तर बघाच, पण बाजूला सरकूनही बघा. हलक्या पडद्यावर बाजूनं बघितलं की माणसं काळीनिळी दिसतात. ‘आयपीएस’ पडदा असेल तर तसं होत नाही. आणि दुकानदाराचे फुलांचे, डोंगराचे फोटो बघून भुलू नका. आपला पेन ड्राइव्ह घेऊन जा, आपलेच फोटो लावून बघा. फोनवर उभे काढलेले फोटो आडव्या फ्रेममध्ये कसे येतात तेही तिथंच कळतं. काही फ्रेम दोन्ही बाजूंना काळी पट्टी सोडतात, ते चालेल. काही फोटो ओढून पडदा भरतात आणि त्यात माणसाचं डोकं जातं.

अजून एक परीक्षा दुकानातच करा. फ्रेम चालू असताना प्लग काढा आणि पुन्हा लावा. बहुतेक फ्रेमना आत बॅटरी नसते, लाइट गेली की बंद. लाइट आल्यावर फोटो आपोआप सुरू झाले पाहिजेत. माझी फ्रेम यादीवर येऊन थांबते, मग कुणीतरी बटण दाबायचं. आत्याबाई म्हणतात, “तुझी ती पुन्हा आंधळी झाली बघ.” अ‍ॅडॉप्टरवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं आणि बीआयएसची खूण, ‘आर’ने सुरू होणारा नंबर आहे का तेही बघा. बिल मागून घ्या. विजेची काळजी नको. दहा वॅट धरले आणि रोज सहा तास चालवली तरी महिन्याला दोन युनिट होत नाहीत.

आता फोटो भरायचं. ओटीजी पेन ड्राइव्ह मिळतो, त्याचं एक तोंड फोनला बसतं. त्यावर फोटो घ्यायचे आणि तो फ्रेमला लावायचा. फोनमधला फोटो साधारण चार एमबीचा धरला तर आठ जीबीत दोन हजार मावतात. पण शंभर-दीडशेच घ्या. फार झाले की हवा तो फोटो दिवसभर येतच नाही. काही नव्या फोनमध्ये फोटो ‘एचईआयसी’ प्रकारात साठतात, ते साध्या फ्रेमला दिसत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘जेपीजी’ करून घ्या. लांबून कुणी फोटो पाठवणार असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे फोटोचा दर्जा उतरत नाही.

आणि बायांनो, फोटो एकेक निवडून घ्या. मी घाईत सगळी गॅलरीच उचलली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलेलं, आणि फ्रेमवर सुप्रभातच्या गुलाबामागून माझं आधार कार्ड आलं, मग बँकेचं पासबुक, मग गटातल्या एकीची दवाखान्याची चिठ्ठी. ती बाई तिथंच बसलेली होती. सगळ्यांसमोर कुणी काही बोललं नाही, पण मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं. कागदपत्रांचे फोटो वेगळे ठेवा. घरातल्या मुलींचा फोटो लावतानाही त्यांना विचारा.

कार्डावर फोटो घेतले म्हणून फोनमधले लगेच पुसू नका. कार्डही बिघडतं. एक प्रत दुसऱ्या कुणाकडं तरी असू द्या.

आता काकूंकडं येऊ. आमच्या गटात महिन्याला शेकडा दोन व्याज आहे. चार हजारांवर पहिल्याच महिन्याला ऐंशी रुपये. त्यात पोराचं दूध येतं. म्हणून मी आधी विचारलं, घरात सपाट टीव्ही आहे का? त्याच्या मागं पेन ड्राइव्हचं भोक असतं, त्यावर फुकटात फोटो दिसतात. काकूंकडं टीव्ही नव्हता. पण गटातल्या एका ताईच्या कपाटात लॉकडाऊनमध्ये पोरीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब पडून होता. तो त्यांनी दिला. आम्ही त्यातली जुनी खाती काढली, सिम काढलं, सुनेचे चाळीस फोटो भरले. गॅलरीत ‘स्लाइडशो’ म्हणून असतं, ते दाबलं की झालं. सुनेनं फडातून दोन छोटे व्हिडिओही पाठवले, “बाळा, जेवलास का?” असे.

टॅबची एकच काळजी घ्यायची. फ्रेमसारखा तो दिवसरात्र चार्जरला ठेवायचा नाही. बॅटरी तापून फुगते. पाठ फुगलेली दिसली की लगेच वापर बंद. काकू सकाळी चार्ज करतात, संध्याकाळी तासभर लावतात. पोरगं काचेवर हात मारतं, भाकरीचे हात, त्यामुळं रोज पुसावा लागतो. “आई” म्हणतं, पण काकूंच्या फोटोलाही “आई”च म्हणतं. सून मार्चमध्ये येईल तेव्हा कळेल.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडं असा जुना टॅब किंवा मोठा फोन पडून असेल त्यांनी तो चार्जरसकट आणा. फुगलेला असेल तर घरीच राहू द्या.