भाल्याकडून बेसबॉलकडे

ज्या खेळाचे नियमही ठाऊक नाहीत, त्याच खेळातील व्यावसायिक संघाने एखाद्याला करारबद्ध करावे, ही गोष्ट सहजासहजी पटणारी नाही. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंच्या बाबतीत मात्र नोव्हेंबर २००८ मध्ये नेमके हेच घडले. अमेरिकेतील 'पिट्सबर्ग पायरेट्स' या नामवंत बेसबॉल संघाने त्यांच्याशी करार केला. तेथील मोठ्या संघाकडून अशी संधी मिळालेले ते पहिले भारतीय ठरले.

या प्रवासाचे मूळ 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेत आहे. क्रिकेटवेड्या भारतात वेगाने चेंडू फेकणारे तरुण निश्चित सापडतील, असा अमेरिकी क्रीडा व्यवस्थापक जे. बी. बर्नस्टाइन यांचा कयास होता. हजारो तरुण चाचणीला आले. पण बाजी मारली ती क्रिकेटपटूंनी नव्हे, तर लखनौच्या गुरू गोबिंदसिंग क्रीडा महाविद्यालयातील भालाफेकपटूंनी. डावखुऱ्या रिंकूने ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने चेंडू फेकून एक लाख डॉलरचे बक्षीस पटकावले. दिनेश दुसरा आला.

हे आश्चर्यकारक वाटले तरी त्यामागे शास्त्र आहे. क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो आणि चेंडू सोडताना त्याला कोपर ठरावीक मर्यादेपलीकडे सरळ करता येत नाही. बेसबॉलमध्ये असे बंधन नाही. सुमारे साडेअठरा मीटरवरील फलंदाजाकडे चेंडू अक्षरशः फेकायचा असतो. त्यासाठी पुढचा पाय घट्ट रोवून कंबर, धड, खांदा आणि मनगट या क्रमाने शरीराची ताकद चेंडूत उतरवावी लागते. भालाफेकीचे तंत्रही बरेचसे असेच असते.

तथापि, वेग म्हणजे सर्वस्व नव्हे. माजी बेसबॉलपटू टॉम हाऊस यांनी कॅलिफोर्नियात या दोघांना चेंडू पकडण्यापासूनचे धडे दिले. पुढे करार झाला, तरी मुख्य संघाचे दार उघडले नव्हते. अमेरिकी बेसबॉलमध्ये नवोदिताला कनिष्ठ लीगच्या अनेक पायऱ्या चढाव्या लागतात. २००९ मध्ये दोघे सर्वांत खालच्या पायरीवर खेळू लागले. तेथे स्पर्धा होती ती लहानपणापासून हाच खेळ खेळलेल्या मुलांशी.

दिनेशला २०१० च्या अखेरीस संघाने मुक्त केले आणि तो मायदेशी परतला. रिंकू आणखी दोन पायऱ्या चढला. २०१२ चा हंगाम त्याने उत्तम गाजवला. त्यानंतर मात्र दुखापती आणि कोपरावरील शस्त्रक्रियेने त्याची वाट अडवली. मुख्य संघातून खेळण्याचे त्याचे स्वप्न अपुरेच राहिले. २०१८ मध्ये त्याने 'डब्ल्यूडब्ल्यूई' या व्यावसायिक कुस्ती कंपनीशी करार केला.

२०१४ मध्ये या कथेवर डिस्नेचा चित्रपट आला. पडद्यावर अशा कथा करार होताच सुफळ संपूर्ण होतात. मैदानावर खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. अंगभूत गुण संधीचे दार उघडतात, पण वर्षानुवर्षांच्या सरावाची उणीव भरून काढणे त्यांनाही सोपे नसते. तरीही, ज्या खेळाची ओळखही नव्हती त्या खेळात रिंकूने कनिष्ठ लीगचे चार हंगाम टिकून दाखवले, हे यश कमी लेखता येणार नाही.