व्हिजिटिंग कार्डावरील क्यूआर कोड : छापण्यापूर्वी आणि छापल्यानंतर

बेंगळूरु शहराच्या जुन्या पेठांना लागून असलेली चामराजपेट ही वसाहत 1892 साली आखण्यात आली. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वोडेयर यांचे नाव तिला मिळाले. 1915 साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचे मुख्य कार्यालय याच भागात आहे आणि फुला-भाज्यांच्या उलाढालीसाठी प्रसिद्ध असलेले कृष्णराजेंद्र मार्केट येथून जवळच आहे. चामराजपेट, सुलतानपेट, कॉटनपेट या परिसरात छपाईचा व्यवसाय जुना आहे. लग्नपत्रिका, लेबले, पावतीपुस्तके आणि व्हिजिटिंग कार्डे यांची छपाई करणाऱ्या येथील छापखान्यांच्या कामात अलीकडे एका काळ्या-पांढऱ्या चौकोनाची भर पडली आहे. तो चौकोन म्हणजे क्यूआर कोड.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला बेंगळूरुची बाजारपेठ नवीन नाही. येथील कांदा यशवंतपूरच्या बाजार समितीत वर्षानुवर्षे जात आहे. मात्र बेदाणा, हळद पावडर, गूळ, काकवी यांसारखा प्रक्रिया केलेला माल स्वतःच्या नावाने विकू पाहणाऱ्या शेतकऱ्याची गरज वेगळी असते. त्याला अडत्यापेक्षा किराणा दुकानदार, मिठाईवाले, खानावळी आणि थेट ग्राहक यांच्यापर्यंत पोहोचायचे असते. प्रदर्शनात किंवा दुकानात झालेली पाच मिनिटांची भेट पुढील मागणीत रूपांतरित होईल की नाही, हे पुष्कळदा हातात दिलेल्या कार्डावर अवलंबून राहते. ग्राहक कन्नड बोलणारा आणि उत्पादक मराठी बोलणारा असेल, तर त्या कार्डावरील जबाबदारी आणखी वाढते. क्यूआर कोड ही जबाबदारी हलकी करू शकतो. परंतु तो कोठे नेतो आणि किती दिवस नेतो, याचा विचार छपाईपूर्वी व्हावयास हवा.

चौकोनामागील तंत्र

क्यूआर कोडचा जन्म 1994 साली जपानमध्ये, डेन्सो कंपनीतील अभियंते मासाहिरो हारा यांच्या हातून झाला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवताना साध्या बारकोडात मोजकीच अक्षरे मावत आणि एकेका खोक्यावर अनेक बारकोड वाचावे लागत. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांनी माहिती साठवणाऱ्या रचनेमुळे ही अडचण दूर झाली. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन कोडची दिशा सांगतात. त्यामुळे कार्ड कसेही धरले तरी वाचन होते.

कोडमध्ये दुरुस्तीची सोयही अंगभूत असते. तिच्या चार पातळ्या असून कोडचा अनुक्रमे सुमारे 7, 15, 25 आणि 30 टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळू शकतो. खिशात मळणाऱ्या कार्डासाठी सामान्यतः 15 टक्क्यांची पातळी पुरेशी ठरते. कोडच्या मध्यभागी बोधचिन्ह बसवायचे असल्यास 30 टक्क्यांची पातळी निवडावी.

कोड स्वतःचा की भाड्याचा?

क्यूआर कोडचे दोन प्रकार प्रचलित आहेत. स्थिर कोडमध्ये मजकूर, दूरध्वनी क्रमांक किंवा दुवा थेट साठवलेला असतो. असा कोड मोफत तयार करता येतो आणि त्याला मुदत नसते. मात्र छापल्यानंतर त्यातील माहिती बदलता येत नाही. बदलता कोड प्रथम सेवा पुरवठादाराच्या छोट्या दुव्यावर जातो आणि तेथून ग्राहकाला इच्छित पानाकडे पाठवले जाते. त्यामुळे ठिकाण केव्हाही बदलता येते आणि कोड किती वेळा वाचला गेला हेही कळते.

या सोयीची दुसरी बाजू अनेकांच्या उशिरा लक्षात येते. सेवेची वर्गणी थांबली, मोफत मुदत संपली किंवा सेवाच बंद पडली, तर बदलता कोड निकामी होतो. वाटलेली पाचशे कार्डे परत मागवता येत नाहीत. ज्या दुकानदाराने कार्ड जपून ठेवले आणि हंगामात कोड वाचून पाहिला, त्याच्या समोर रिकामे पान येते. उत्पादकाला मात्र आपली मागणी कोठे गेली याचा पत्ताही लागत नाही.

लहान उत्पादकासाठी दोन मार्ग सुरक्षित ठरतात. पहिला मार्ग म्हणजे व्हॉट्सॲपच्या छोट्या दुव्याचा स्थिर कोड. यात देशाचा 91 हा अंक आणि त्यापुढे दहा अंकी क्रमांक असतो. कोड वाचताच थेट संवाद सुरू होतो. हा क्रमांक घरातील कोणाच्या वैयक्तिक वापरातील नसून व्यवसायाचा असावा आणि तो सहसा बदलू नये. दुसरा मार्ग म्हणजे उत्पादक कंपनीने किंवा गटाने स्वतःच्या नावाने घेतलेल्या संकेतस्थळाचा पत्ता. त्याचे वार्षिक शुल्क वेळेवर भरावे लागते. परंतु पत्ता कायम ठेवून पानावरील माहिती हंगामानुसार बदलण्याचे नियंत्रण गटाकडेच राहते.

मराठी मजकुराचे वजन

देवनागरी मजकुराबाबत एक तांत्रिक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. संगणकीय साठवणीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘द्राक्ष’ या छोट्याशा शब्दात अशी सात चिन्हे असून त्याला 21 बाइट लागतात.

याचा परिणाम कोडच्या दाटपणावर होतो. 15 टक्के दुरुस्तीच्या पातळीवर 150 देवनागरी चिन्हांचा, म्हणजे 450 बाइटचा मजकूर थेट भरल्यास प्रत्येक बाजूस 81 घरांची जाळी तयार होते. व्हॉट्सॲपचा पूर्ण दुवा मात्र 26 अक्षरांचा असतो आणि त्याच पातळीवर तो 25 घरांच्या जाळीत बसतो. दोन सेंटिमीटर रुंदीच्या कोडमध्ये पहिल्या प्रकारात एक घर सुमारे पाव मिलिमीटर, तर दुसऱ्या प्रकारात 0.8 मिलिमीटर भरते. शाई किंचित पसरली किंवा ग्राहकाचा मोबाइल जुना असला, तर पहिला कोड अडतो आणि दुसरा वाचला जातो.

म्हणून पत्ता, उत्पादनांची यादी आणि पाककृती कोडमध्ये कोंबू नये. कोडमध्ये छोटा दुवा असावा आणि मराठी, कन्नड, हिंदी व इंग्रजी मजकूर त्या दुव्यामागील पानावर द्यावा. कन्नड मजकूर यंत्राकडून भाषांतरित करून घेतला असल्यास कन्नड जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घेणे आवश्यक आहे.

छपाईतील बारकावे

कार्डावरील कोडची रुंदी किमान दोन सेंटिमीटर ठेवावी. त्याच्या चारही बाजूंना चार घरांएवढी कोरी जागा सोडणे प्रमाणित रचनेत अपेक्षित आहे. वेलबुट्टी, चौकट किंवा मजकूर त्या जागेत येऊ देऊ नये. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा किंवा गडद रंग उत्तम. फिकट पिवळा, सोनेरी अथवा उलट रंगसंगती काही मोबाइलना वाचता येत नाही. चकचकीत लॅमिनेशनवर प्रकाश परावर्तित होतो, म्हणून मॅट प्रकार निवडणे सोयीचे ठरते. छापखान्याला मोबाइलवरील पडद्याचे छायाचित्र न देता मूळ फाइल द्यावी.

संपूर्ण छपाईपूर्वी एक नमुना प्रत्यक्ष कागदावर काढून घ्यावा. तो किमान तीन वेगवेगळ्या मोबाइलवर, सावलीत आणि उन्हात, इंटरनेटचा वेग कमी असतानाही तपासावा. कोडखाली तो कशासाठी आहे हे एका ओळीत लिहावे. नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक वाचता येईल अशा अक्षरांत कार्डावर असावेतच. स्मार्टफोन नसलेला किंवा अनोळखी कोड वाचण्यास कचरणारा ग्राहक गमावता कामा नये.

पैशाचा कोड वेगळा ठेवावा

यूपीआयमुळे क्यूआर कोड म्हणजे पैसे देणे, हे समीकरण जनमानसात रुजले आहे. म्हणून माहितीचा कोड आणि देयकाचा कोड एकाच कार्डावर शेजारी छापू नये. देयकाचा कोड विक्रीच्या टेबलावर ठेवावा आणि त्यावर दुसऱ्याने स्वतःचा कोड चिकटवलेला नाही ना, हे रोज पाहावे. आगाऊ रक्कम पाठवतो असे सांगून कोड वाचायला आणि पिन टाकायला लावणाऱ्यांपासून शेतकऱ्यांनी सावध राहावे. यूपीआयद्वारे पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

कोडामागील नोंद

कोड विश्वास निर्माण करतो असे म्हटले जाते. वस्तुतः विश्वास कोडामागील नोंदीमुळे निर्माण होतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने 2006 साली ग्रेपनेट ही प्रणाली सुरू केली. तिच्यात बागेची नोंदणी, कीडनाशकांच्या उर्वरित अंशांची तपासणी आणि पॅकिंग यांची साखळी जोडलेली आहे. पेटीवरील क्रमांकाला अर्थ आहे तो या साखळीमुळे. हापूस आंब्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ते मानांकन वापरण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. केवळ कोड छापल्याने तो अधिकार मिळत नाही.

लहान व्यवसायालाही हाच न्याय लागू पडतो. कोडामागील पानावर उत्पादनाचा हंगाम, पॅकिंगचे वजन, दर आणि त्या दराची तारीख, किमान मागणी, वाहतुकीची व्यवस्था व खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक असावा. ‘सेंद्रिय’ असा उल्लेख असल्यास प्रमाणपत्रही तेथे दाखवावे. गेल्या हंगामाचा दर दाखवणारे पान ग्राहकाला नसलेल्या पानापेक्षा अधिक दूर नेते. पाकिटावरील कायदेशीर लेबलाला मात्र हा कोड पर्याय ठरत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी गटांच्या प्रशिक्षणात या विषयासाठी एक तास पुरेसा आहे. प्रत्येक गटाकडून कोड तयार करून घेणे, तो कागदावर छापून वाचून पाहणे आणि मागील पान कोण अद्ययावत ठेवणार हे नावानिशी ठरवणे, एवढे त्यात साधावे.

कोणत्या प्रदर्शनातून विचारणा आली हे समजण्यासाठी बदलत्या कोडची वर्गणी भरण्याची गरज नाही. व्हॉट्सॲपच्या दुव्यात आधीच लिहिलेला संदेश जोडता येतो. पुणे, बारामती आणि बेंगळूरु येथे वाटावयाच्या कार्डांसाठी एक रोमन अक्षर व एक अंक अशी वेगवेगळी खूण संदेशात ठेवल्यास प्रत्येक विचारणेसोबत तिचे मूळही कळते. ही खूण देवनागरीत लिहू नये. दुव्यात देवनागरीचे एक चिन्ह नऊ अक्षरांएवढी जागा घेते आणि कोड विनाकारण दाट होतो. वर्षअखेर या खुणांची मोजणी केली की पुढील वर्षी कोणत्या प्रदर्शनाचे भाडे भरावे आणि कोणते टाळावे, याचा निर्णय अंदाजाऐवजी आकड्यांवर घेता येतो.

नवीन कार्डे छापण्यास देताना शिल्लक राहिलेले जुने कार्ड काढून त्यावरील कोड एकदा वाचून पाहावा. तो अजून योग्य ठिकाणी नेत असेल, तर तोच कोड नव्या कार्डावरही कायम ठेवावा. म्हणजे पूर्वी वाटलेले प्रत्येक कार्डही चालू राहते.