टाइमिंग चेनचं काम: घ्यायचं कधी, करायचं कसं आणि मजुरी किती सांगायची?

गॅरेज टाकायच्या तयारीत असलेली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, टाइमिंग चेनच्या कामात पैसा चांगला आहे म्हणतात. सुरुवातीपासूनच घेऊ का?" व्हिडिओत काम पाहिलंच असेल, इथे त्यामागचा हिशोब समजून घेऊ.

आपल्याकडे हे काम येतं कुठून?

मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. पण १२४८ सीसी डिझेलच्या स्विफ्ट, डिझायर आणि त्याच जातीच्या इंजिनाच्या टाटा व्हिस्टा, मांझा आजही मलकापूर-नांदुरा-खामगाव रोडवर धावतात. वॉरंटी संपलेली, म्हणून मालक गावातल्या मिस्त्रीकडे येतो. या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे.

बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलतात. चेनला बहुतेक गाड्यांत तशी तारीख नसते, म्हणून "चेन आयुष्यभर चालते" असं लोक धरून चालतात. ते अर्धंच खरं. ऑइल वेळेवर बदललं तरच ती टिकते. काळं, जुनं ऑइल चेनही झिजवतं आणि टेन्शनरही ढिला पाडतं.

चूक महाग का पडते?

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. हा मेळ चेन सांभाळते. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो. अशा वेळी चेनने दात सोडले तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि थेट हेड खोलायची वेळ येते. गिऱ्हाईक घरच्यांना घेऊन रात्री समृद्धीवर मेहकरच्या पुढे असेल तर? तुमच्या कामावर एक कुटुंब बसलेलं असतं, हे लक्षात ठेवा.

काम करताना

१. आधी खात्री करा. सकाळी थंड इंजिन चालू करताना काही सेकंद खडखड येते का ऐका. पहिल्यांदा ऑइलची लेव्हल आणि प्रेशर बघा, कारण ऑइल कमी असलं तरी असाच आवाज येतो. स्कॅनरमध्ये पी ००१६ कोड आला तर क्रँक-कॅमचा मेळ बिघडल्याचा इशारा आहे, पण वायर आणि सेन्सरही तपासा.

२. सेट बदला. माझ्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर बरेच जण फक्त चेन मागतात. चेन, टेन्शनर, दोन्ही बाजूंचे गाइड, झिजले असतील तर स्प्रॉकेट, शिवाय ऑइल सील, ऑइल आणि फिल्टर हे सगळं एकाच वेळी घ्या. जुना टेन्शनर ठेवला तर तोच आवाज पुन्हा तुमच्या दारात येईल.

३. मार्क जुळवूनच चेन काढा. १२४८ सीसी डिझेलला क्रँक आणि कॅम लॉक करायचं टूल लागतं. अंदाजाने काम करू नका. नवीन चेनच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या मार्कवर बसवा, टेन्शनरची पिन सगळ्यात शेवटी काढा. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा.

४. सेल्फ मारायच्या आधी पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्ये अडलं तर जोर लावू नका, थांबा आणि मार्क पुन्हा बघा. दोन फेऱ्यांनंतर रंगीत कड्या जागेवर दिसत नाहीत म्हणून नवखा मिस्त्री घाबरतो. त्या तशा दिसणारच नाहीत, फक्त क्रँक आणि कॅमचे मार्क (किंवा लॉकिंग पिन) जागेवर यायला हवेत. ही दहा मिनिटं म्हणजेच या कामाची खरी मजुरी.

मजुरी कशी काढायची?

आकडे फक्त समजण्यासाठी धरा. महिन्याचं भाडं ९,०००, हेल्पर १२,०००, लाइट वगैरे ३,००० म्हणजे २४,०००. महिन्याचे २४ दिवस काम धरलं तर दिवसाचा खर्च १,०००. त्याच जागेत तुम्ही रोज दोन सर्व्हिसिंग करता आणि प्रत्येकी ६०० रुपये मजुरी मिळते, म्हणजे दिवसाला १,२००. चेनच्या गाडीने दोन दिवस जागा अडवली तर २,४०० रुपयांची कमाई हुकते. शेजारचा २,००० त करतो म्हणून तुम्हीही २,००० सांगितले, तर खर्च निघाल्यासारखा वाटेल, पण सर्व्हिसिंगपेक्षा ४०० रुपये कमीच पडले. २,४०० हा तळ झाला. त्यावर जोखमीचे आणि टूलचे पैसे धरूनच भाव सांगा.

काम घेण्याआधी तीन गोष्टी

- लेखी एस्टिमेट द्या. "खोलल्यावर आणखी काही निघालं तर आधी फोन करू" हे त्यात लिहा.
- पार्टचे पैसे अ‍ॅडव्हान्स घ्या. आपलं भांडवल दुसऱ्याच्या इंजिनात अडकवू नका.
- जुने पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. झिजलेला गाइड त्याने डोळ्यांनी पाहिला की बिलावर वाद होत नाही.

मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर? लॉकिंग टूल, टॉर्क रेंच आणि दोन मोकळे दिवस, यातलं एक जरी नसेल तर काम घेऊ नका. जाणत्या मिस्त्रीकडे गाडी पाठवा, सोबत स्वतः थांबा, काम बघा. "हे माझ्याकडे होणार नाही, पण योग्य माणसाकडे नेतो" असं सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुढच्या सर्व्हिसिंगला परत येतं.

आजचं काम: वहीत तुमच्या जागेचा एका दिवसाचा खर्च आणि एका दिवसाची कमाई लिहून काढा. मगच रेट बोर्ड बनवा.