घोंगडी पाठवू नये

सदाशिव पेठेत माझ्या घरी शनिवारी कथालेखनाचा वर्ग भरतो. बँकेतून निवृत्त झालेले काका येतात, कॉलेजची मुलं येतात, घरचं आवरून धापा टाकत पोचणाऱ्या बायकाही येतात. तक्रार सगळ्यांची एकच: "बाई, विषयच सुचत नाही." त्यावर माझा पहिला गृहपाठ ठरलेला असतो. पुढच्या शनिवारी घरातलं एक टपाल आणि प्रवासातला एक फोटो आणा. टपाल साहित्यिक असायची गरज नाही. लग्नपत्रिका चालेल, मामांचं जुनं आंतर्देशीय चालेल, बँकेचं पत्रही चालेल.

टपालच का? तर पत्र हा दोघांमधला मामला असतो. त्या दोघांना जे ठाऊक आहे ते कोणी लिहीत बसत नाही. तेच पत्र तिसऱ्याच्या हाती पडलं, की नेमक्या त्या गाळलेल्या जागा डोळ्यांत भरतात आणि मन त्या भरू लागतं. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पराभवाची बातमी एका सावकारी पत्रातून नानासाहेब पेशव्यांना कळली, असं सांगतात. पत्रात दोन मोती गळाल्याचा आणि मोहरा हरपल्याचा हिशेब होता. परक्याला तो व्यापारातला तोटा वाटला असता. पेशव्यांना मात्र ते दोन मोती कोण, हे विचारावं लागलं नाही.

वर्गात मी दाखवते ते कार्ड जुन्या बाजारातलं आहे. रविवारी तिथे गंजलेली कुलुपं आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या शेजारी जुन्या कार्डांचे गठ्ठेही मिळतात. कार्ड पुण्यात शिकणाऱ्या मुलाला गावाहून वडिलांनी लिहिलेलं. टपालाचा शिक्का पुसट, अक्षर मोडीच्या वळणाचं. मायना झाल्यावर मजकूर एवढाच: मनीऑर्डर पावली. गाय विकली. आईस बरे आहे. परीक्षेचे कळवावे. मग जागा संपल्यामुळे कार्ड आडवं धरून समासात कोंबलेली ओळ: ता. क. घोंगडी पाठवू नये.

आता बघा. शिकणारा मुलगा घरी पैसे कुठून पाठवतो? पैसे पोचूनही गाय का विकावी लागली? आणि घोंगडी नको, ती का? मुलालाच थंडी वाजेल म्हणून, की ज्याच्यासाठी मागवली होती तो माणूसच आता राहिला नाही म्हणून? आमच्या वर्गात या एका ओळीवरून एका काकांनी बापलेकांच्या अबोल्याची कथा लिहिली. एका मुलीने, मुलगा शिकतच नाही, मंडईत हमाली करतो आणि बापाला ते कधीच कळलं आहे, अशी लिहिली. कार्ड तेच, दोन्ही कथा खऱ्या वाटतात.

ही काटकसर कार्डानेच शिकवली. हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. जागा तळहाताएवढी, शिवाय उघडा मजकूर पोस्टमनही वाचणार. त्यामुळे माणसं मोघम लिहायला शिकली. मृत्यूची बातमी असेल तर कोपरा फाडत, शुभकार्य असेल तर कुंकू लावत. वाचण्याआधीच कळायचं.

पत्राचा दुसरा उपयोग आवाज सापडण्यासाठी. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून त्यांचं जे लेखन छापलं गेलं, ते मुळात सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेलं पत्र. समोर ओळखीचा माणूस असला की लेखणी भाषण ठोकत नाही. प्रवासवर्णन अडलं तर ते 'वाचकहो' म्हणून लिहू नका. जी आत्या कधी घाट उतरली नाही, तिला लिहा.

फोटोंचंही तसंच. वर्गातल्या एकीने महाबळेश्वरच्या वेण्णा लेकचा फोटो आणला होता. बोटीत सगळं कुटुंब हसतंय, असं ती म्हणाली. नीट पाहिलं तर काकू डोळे मिटून बोटीची कड घट्ट धरून बसल्या आहेत. नावाडी कडेला अर्धा कापला गेला आहे. मागे काठावर एक म्हातारी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभी. तिला बोटीत का घेतलं नाही, हे विचारल्यावर ती मुलगी बराच वेळ गप्प बसली आणि मग लिहू लागली. फोटो कोणी काढला हाही प्रश्न विचारावा, कारण तो माणूस फोटोत नसतो. मोबाइलमध्ये शेकडो फोटो असतात. त्यांतला चुकून निघालेला, पुसायचा राहिलेला एकच घ्या. ज्यात सगळे नीट उभे आहेत, त्यात बहुधा काही सापडत नाही.

एक पथ्य पाळा. कायद्याने पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं तो वारसांकडे राहतो. म्हणून वाक्यं उचलू नका, प्रश्न उचला. नावं, गावं, नाती बदला.

आणि आमच्याकडे हल्ली कोणी पत्रं लिहीत नाही, ही सबब चालणार नाही. परवाच आमच्या जिन्यात सोसायटीची नोटीस लागली: "काही सभासद रात्री अकरानंतर गच्चीवर जातात असे निदर्शनास आले आहे." कोण जातं, कशाला जातं आणि ते निदर्शनास आलं कोणाच्या? पुढच्या शनिवारपर्यंत दोन पानं लिहून आणा.