शिंगराची संमती

आता ‘संमती’ या शब्दाकडे येऊ या. अमेरिकेच्या पश्चिम भागात टॉम डॉरन्स, रे हंट या मंडळींनी शिंगराला खोगिराची सवय लावायची जी रीत रुजवली, तिला ‘नॅचरल हॉर्समनशिप’ म्हणतात. जुनी रीत म्हणजे घोडा जखडायचा, खोगीर कसायचं आणि तो हार मानेपर्यंत उधळू द्यायचा. आपल्याकडे घोडा फेरणाऱ्याला चाबुकस्वार म्हणत. नावातच काय ते आलं! इथे गोल कुंपणात शिंगरू मोकळं असतं. माणूस थोडा दाब देतो, कधी दोर ताणून, कधी नुसतं एक पाऊल पुढे टाकून. शिंगरू किंचित वळलं की त्याच क्षणी दाब सोडतो. शिकवते ती ही सुटका. मग घोंगडी, खोगीर, तंग आणि शेवटी माणसाचं वजन.

कल्पना जुनीच बरं का. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन याने इसवी सनपूर्व चौथ्या शतकातच लिहून ठेवलं, की जबरदस्तीने घोडा जे करतो ते न समजता केलेलं असतं आणि त्यात सौंदर्यही नसतं.

पण कुंपणातून शिंगराला बाहेर जाता येत नाही, हे आपण विसरतो. ते जवळ आलं की म्हणतो, त्याने आपल्याला निवडलं. वर्तनशास्त्र म्हणतं, जवळ आल्यावर दाब थांबतो म्हणून ते येतं. आम्हाला हेच पटतं. तेव्हा ‘संमती’ म्हणणं जास्तच झालं. नकार मात्र इथे ऐकला जातो: तंग आवळताना शिंगराने मान ताठ केली, कान मागे टाकले, तर हात थांबतो.