रॉचेस्टरचा किल्ला: सुरुंग, चरबी आणि भूक

लंडनहून कँटरबरीमार्गे डोव्हर बंदराकडे जाणारा जुना रोमन रस्ता केंट परगण्यात मेडवे नदी ओलांडतो. रोमनांनीच तिथे पूल बांधला होता. हा पूल ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात फ्रान्सच्या बाजूने राजधानीवर येणारी वाट. नदीच्या पूर्व काठावर रॉचेस्टरचा किल्ला उभा राहिला तो या पुलासाठी.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि थोड्याच वर्षांत इथे पहिली गढी झाली. १०८८ मध्ये विल्यम रूफस राजाविरुद्ध त्याच्या नात्यातल्या ओडो या बिशपने बंड पुकारले आणि बंडखोर रॉचेस्टरमध्ये दडून बसले. राजाने वेढा घातला. उन्हाळा, माश्या आणि रोगराई यांनी आतली माणसे इतकी हैराण झाली की त्यांनी दरवाजे उघडले. पुढे रॉचेस्टरचा बिशप गुंडुल्फ याने राजासाठी दगडी तट बांधून दिला. त्याचा खर्च ६० पौंड ठरला होता. हा बिशप बांधकामातला जाणकार होता. लंडनच्या टॉवरमधल्या 'व्हाइट टॉवर'चे कामही त्याच्याच देखरेखीखाली झाले.

आज दुरूनच नजरेत भरतो तो मनोरा मात्र त्याचा नाही. ११२७ मध्ये पहिल्या हेन्रीने किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपांकडे कायमचा सोपवला आणि विल्यम द कॉर्बेय या आर्चबिशपने हा बालेकिल्ला उभारला. उंची सुमारे ११३ फूट, तळाशी भिंतीची जाडी सुमारे १२ फूट. मनोरा आतून एका आडव्या भिंतीने दुभागलेला आहे आणि याच भिंतीच्या पोटात विहीर आहे. तिचा आड तळापासून वरपर्यंत नेलेला असल्यामुळे प्रत्येक मजल्यावर पाणी शेंदता येई. शत्रू अंगणात शिरला तरी पाणी तुटणार नाही, हा हिशेब पक्का होता. धान्याचा हिशेब इतका पक्का करता येत नाही आणि पुढे तेच नडले.

१२१५ च्या जूनमध्ये जॉन राजाने सरदारांच्या दबावाखाली मॅग्ना कार्टा या सनदेवर मोहोर उठवली. समेट काही महिनेही टिकला नाही. शरद ऋतूत बंडखोर सरदारांच्या एका तुकडीने विल्यम द'ऑबिनीच्या नेतृत्वाखाली रॉचेस्टरचा ताबा घेतला. किल्लेदारानेच त्यांना आत घेतले होते. शिबंदीत शंभराच्या आसपास नाइट आणि बाकीचे शिपाई होते, पण कोठारात फारसे काही नव्हते. ऑक्टोबरच्या मध्यास जॉन स्वतः येऊन बसला. कँटरबरीच्या लोकांना त्याने रात्रंदिवस खपून कुदळी तयार करण्याचा हुकूम सोडला. धोंडे फेकणारी पाच यंत्रे तटावर मारा करू लागली. लंडनहून निघालेली सरदारांची कुमक डार्टफर्डपर्यंत आली आणि परत फिरली.

बाहेरचा तट पडला, पण मनोरा यंत्रांना दाद देईना. मग राजाने त्याच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्याखाली सुरुंग खणायला लावला. युरोपात तेव्हा बंदुकीची दारू नव्हती, त्यामुळे हे काम सुताराचे आणि आगीचे होते. पायाखालची माती काढत जायचे, वरचा भार लाकडी टेकूंवर पेलायचा आणि शेवटी टेकूंनाच आग लावायची. ते जळाले की पाया बसतो आणि भिंत आपल्याच वजनाने खाली येते. २५ नोव्हेंबरला जॉनने आपला मुख्य न्यायाधिकारी ह्यूबर्ट द बर्ग याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. खाण्याच्या फारशा लायकीची नसलेली चाळीस चरबीदार डुकरे ताबडतोब पाठवावीत, मनोऱ्याखाली आग लावायची आहे, अशी त्यात मागणी आहे. मध्ययुगीन युद्धशास्त्रातला एवढा रोकडा दस्तऐवज क्वचितच सापडतो.

कोपरा ढासळला. पण किल्ला पडला नाही. शिबंदी आडव्या भिंतीपलीकडच्या अर्ध्या भागात सरकली आणि तिथून लढत राहिली. घोडे मारून खाल्ले गेले. लढण्याच्या कामी न येणाऱ्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांतल्या काहींचे हातपाय राजाने तोडले, असे त्या काळचा एक बखरकार सांगतो. ३० नोव्हेंबरला अखेर शरणागती आली, ती उपासमारीपुढे. चाळीस डुकरांची गोष्ट रंगतदार असल्यामुळे तीच सांगितली जाते. निकाल मात्र भुकेने लावला. जॉनला सगळ्यांना फाशी द्यायचे होते. आज यांना लटकवले, तर उद्या शत्रू आपल्या माणसांनाही तेच करील, असे त्याच्याच एका सेनानीने समजावल्यावर तो थांबला. एका तिरंदाजाला तेवढी फाशी झाली.

पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या युवराज लुईने हा किल्ला घेतला आणि ऑक्टोबरात जॉन वारला. त्याचा मुलगा तिसरा हेन्री याच्या कारकिर्दीत पडलेला कोपरा पुन्हा बांधला गेला, पण गोल. चौकोनी बुरुजाच्या कोनावर पहार चालवणे सोपे जाते. गोलाईत तसा कोन सापडत नाही. म्हणून मनोऱ्याच्या तीन कोपऱ्यांवर आजही चौकोनी बुरूज आहेत आणि चौथा गोल आहे. १२६४ मध्ये बंडखोर सरदार सायमन द माँटफर्टने वेढा घालून पुन्हा सुरुंग खणायला घेतला, परंतु राजाची फौज येत असल्याचे कळताच त्याला आठवड्याभरात उठावे लागले.

त्यानंतर किल्ल्याची पडझड झाली. चौदाव्या शतकात तिसऱ्या एडवर्डने मोठी डागडुजी केली. सतराव्या शतकात किल्ला खासगी मालकीत गेला आणि आतले लाकूडसामान काढून विकले गेले. त्यामुळे आता मनोऱ्याला छप्पर नाही, मजले नाहीत. भिंतींत तुळयांची भोके ओळीने दिसतात, शेकोट्या अधांतरी लटकल्यासारख्या वाटतात आणि आडव्या भिंतीतल्या विहिरीच्या खिडक्या एकावर एक मोजता येतात. चक्री जिन्याने माथ्यावर गेले की एका बाजूला मेडवे, दुसऱ्या बाजूला रॉचेस्टरचे कॅथीड्रल दिसते.

१८७० मध्ये किल्ल्याचे आवार शहराने सार्वजनिक बागेसाठी भाड्याने घेतले. त्याच वर्षी जूनमध्ये जवळच्या गॅड्स हिल इथे कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचे निधन झाले. याच परिसरात दफन व्हावे अशी त्याची इच्छा होती. प्रत्यक्षात ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झाले. लंडनहून रॉचेस्टरला रेल्वेने तासाभरात पोहोचता येते आणि स्टेशनपासून किल्ला पायी जाण्याजोगा आहे.