विस्मरण म्हणजे हलगर्जीपणा नव्हे

“गोळ्या घ्यायच्या राहूनच गेल्या,” हे वाक्य बाह्यरुग्ण विभागात वारंवार कानी पडते. सोबतचे नातेवाईक रागावतात, रुग्ण मान खाली घालतो. या विस्मरणामागील मानसशास्त्रीय कारणे आमचे देणगीदार, विश्वस्त व विशेषतः रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे मांडावीत, असे आम्हांस वाटते.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखविले, की निरर्थक अक्षरांच्या पाठांतराचा निम्म्याहून अधिक लाभ तासाभरातच ओसरतो. रुग्णाची अडचण मात्र त्याही आधी सुरू होते. जे मनावर ठसलेच नाही, ते आठवणार कसे? आजाराचे नाव ऐकताच घाबरलेले मन त्या एका शब्दापाशीच थांबते. पुढे सांगितलेले पथ्य आणि गोळ्यांच्या वेळा नुसत्या कानांवरून जातात.

आपल्या जिल्ह्यात त्यात चिंतेची भर पडते. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऊसतोडणीपूर्वी, हात आखडलेला असताना, विचारशक्ती व एकाग्रतेच्या चाचण्यांत ते मागे पडले. तोडणीनंतर त्याच शेतकऱ्यांची कामगिरी सुधारली. यवतमाळच्या कोरडवाहू कापूस उत्पादकास हे निराळे सांगावयास नको. बियाण्याची उधारी, बँकेचा हप्ता आणि पावसाचा खंड यांत गुंतलेल्या मनात रक्तदाबाच्या गोळीला जागा कुठली?

गोळीची वेळ बदलल्यावर होणारा घोटाळा वेगळा. तेथे जुनी सवय नव्या सूचनेच्या आड येते.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते नैराश्यातील विस्मरण. वृद्धांमध्ये ते स्मृतिभ्रंशासारखे भासते आणि ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते. वस्तुतः नैराश्यावर उपचार आहेत, व त्यांनी स्मरणही बहुधा सुधारते. विसराळूपणासोबत झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, बोलणे कमी झाले, तर रुग्णास अवश्य तपासणीस आणावे. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी शासनाने २०१५ मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, तो याच जाणिवेतून. २०२२ पासून ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

कुटुंबीयांना आमची विनंती एवढीच, की रागावण्याऐवजी गोळ्या चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवाव्यात आणि डॉक्टरांनी सांगितलेले तेथेच, रुग्णाच्या तोंडून, एकदा परत म्हणवून घ्यावे.